काळं कुठे टाकायचं? १९४८ च्या हॉलिवूडवर नोआर कॉमिक काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९४८ च्या हॉलिवूडमधली एक गुन्हेकथा तुम्ही मराठीत, कृष्णधवल कॉमिक म्हणून करताय. एकूण ४८ पानं. नायक एका स्टुडिओचा स्टिल फोटोग्राफर. पहाटे चारला त्याला फोन येतो, कॅमेरा घेऊन एका बंगल्यावर बोलावतात आणि तिथे एक नटी मरून पडलेली असते. सकाळपर्यंत ती आत्महत्या ठरते. पहिली बारा पानं शाईत झालीत, पण मित्रांना ती ‘नोआर’, म्हणजे जुन्या अमेरिकी गुन्हेपटांच्या काळोख्या शैलीतली, वाटत नाहीत. ते म्हणतात सावल्या वाढव. शिवाय संवाद डब केल्यासारखे वाटतात. काय करू?

मी पंचवीसेक वर्षं स्टोरीबोर्ड आणि कॉमिकची पानं काढून पोट भरतोय, त्यामुळे आधी शाईबद्दलच बोलतो. सावल्या वाढवू नका. तुम्ही पाठवलेल्या पानांत काळं भरपूर आहे, पण ते सगळीकडे सारखंच सांडलंय. प्रत्येक चौकटीत निम्मा चेहरा काळा, प्रत्येक भिंतीवर खिडकीच्या पट्ट्या. निरपराध दूधवालासुद्धा खुन्यासारखा दिसतो! काळं म्हणजे झाकण. चौकटीत जिथे काळं आहे तिथे काहीतरी झाकलंय, हे वाचकाच्या डोळ्याला कळलं पाहिजे. म्हणून ब्रश उचलण्याआधी एकच विचारायचं: इथे कोण काय लपवतंय? कुणीच काही लपवत नसेल तर ती चौकट खुशाल पांढरी सोडा.

आता लपवण्याबद्दल, कारण तुमच्या कथेचा जीव तिथेच आहे आणि तुम्ही तो तीन पानांत उरकलाय. तुमच्याकडे पोलीस तिसऱ्या पानावर येतात. त्या काळातल्या हॉलिवूडमध्ये पोलीस सगळ्यात शेवटी यायचे. पॉल बर्नचं प्रकरण वाचा. हा एमजीएम स्टुडिओचा मोठा अधिकारी, नटी जीन हार्लोचा नवरा. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. ५ सप्टेंबर १९३२ ला तो घरात गोळी लागून मेलेला सापडला. घरच्या नोकरांकडून बातमी आधी गेली ती स्टुडिओत. स्टुडिओची बडी मंडळी घरी येऊन गेली आणि पोलिसांना कळवलं गेलं त्यानंतर, साधारण दोन तासांनी. निष्कर्ष आत्महत्येचा निघाला. पण त्या दोन तासांत घरात काय झालं, यावर लोक आजही भांडतात. एमजीएमचे एडी मॅनिक्स आणि प्रसिद्धीप्रमुख हॉवर्ड स्ट्रिकलिंग यांचं नाव ‘निस्तरणारे’ म्हणून घेतलं जातं ते अशाच कामांमुळे. कुणी दारू पिऊन गाडी ठोकली, कुणाला नको असताना दिवस गेले, कुणाची कुणाशी भानगड झाली, की फोन या माणसांना.

तुमची गोष्ट त्या दोन तासांची आहे. खून कुणी केला हे वाचकाला वीस पानांत कळलं तरी बिघडत नाही. पण ग्लास कुणी धुतला, चिठ्ठी कुणी लिहिली, तिची वही कुणाच्या खिशात गेली आणि या सगळ्यात तुमचा नायक काय करत होता, हे चुटपुट लावणारं आहे. पोलीस अकराव्या पानावर आणा. मधली आठ पानं त्या बंगल्यातच राहा. प्रत्येक पानावर भिंतीवरचं घड्याळ दिसू द्या, पण त्याकडे कुणी बोट दाखवू नये.

नायक स्टिल फोटोग्राफर असणं ही तुम्हाला लागलेली लॉटरी आहे, आणि तुम्ही ती वापरलेलीच नाही. स्टुडिओतली नटनट्यांची चित्रं मोठ्या कॅमेऱ्यावर, आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर काढत. ती रिटचरकडे जात. तो बारीक टोकाच्या पेन्सिलीने थेट निगेटिव्हवर काम करून सुरकुत्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायचा. म्हणजे तुमच्या नायकाचा धंदाच खरं दिसतं ते पुसण्याचा. त्या पहाटे त्याला बोलावतात तेही याच कामाला. फरक एवढाच की या वेळी खोलीच रिटच करायची आहे. हे शब्दांत कुठेही लिहू नका. फक्त सुरुवातीला एकदा त्याच्या माणसाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवताना दाखवा, चार चौकटी, अगदी शांतपणे.

आता तांत्रिक बाजू. पानाचा कच्चा आराखडा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जाड मार्करने करा. फक्त काळं आणि पांढरं, रेषा नाहीत, तपशील नाही. दहा पावलं लांब ठेवून डोळे किलकिले करून बघा. काय चाललंय ते कळलं तर पुढे जा. नाही कळलं तर तुमची सुंदर इंकिंग त्याला वाचवणार नाही. पानभर चार-पाच काळे ठोकळे पुरतात आणि नजर एकावरून दुसऱ्यावर उडी मारत खाली उतरली पाहिजे. तुमच्या सहाव्या पानावर सगळं काळं डाव्या बाजूला साचलंय, त्यामुळे शेवटची चौकट वाचायची राहूनच जाते. प्रकाशाचा उगम प्रत्येक खोलीत एकच ठेवा आणि तो पानावर एकदा तरी दाखवा: टेबललॅम्प, उघडं फ्रीज, रस्त्यावरच्या गाडीचा दिवा. दिवा न दाखवता सावली पडली की ती खोटी वाटते, आणि का ते वाचकाला सांगता येत नाही. खिडकीच्या पट्ट्यांची सावली ४८ पानांत दोनदाच. तिसऱ्यांदा टाकावीशी वाटली तर उठून चहा घ्या.

माझी एक सवय सांगतो, पटली तर घ्या. स्टुडिओच्या माणसांचे चेहरे मी कधी सावलीत टाकत नाही. ते लख्ख उजेडात, हसरे, गुळगुळीत. काळे असतात ते त्यांचे हात: खिशात, पाठीमागे, टेबलाखाली. घाबरलेल्या, निरुपयोगी माणसांचे चेहरे मात्र अंधारात. वाचक दहा पानांत ही भाषा शिकतो, आणि मग एखाद्या चौकटीत नायकाचा चेहरा पूर्ण उजळलेला दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो.

छपाईबद्दल दोन शब्द, कारण इथे लोक शेवटी रडतात. रेषेचं काम १२०० डीपीआयवर बिटमॅप, म्हणजे निव्वळ काळं-पांढरं, ठेवा, ग्रेस्केलमध्ये नको. मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, छापणार असाल तर शाई कागदात शिरते आणि पसरते. बारीक ड्राय-ब्रश भरून जातो आणि मोठं काळं करपट राखाडी दिसतं. आर्ट पेपर परवडत असेल तर प्रश्न नाही, पण चमक येते आणि ती या गोष्टीला शोभत नाही. मी मॅट कोटेड घेतो. चार रंगांत छापत असाल तर मोठ्या काळ्या भागात शंभर टक्के काळ्यासोबत चाळीसेक टक्के सायन, म्हणजे छपाईचा निळा, घाला, खोली येते. अक्षरं मात्र फक्त काळ्या प्लेटवर ठेवा, नाहीतर रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची जुळणी, हललं की प्रत्येक फुगा दुहेरी दिसेल.

तुमचं लॉस एंजेलिस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बारापैकी सात पानांत पाऊस आहे, आणि कथा जुलैत घडते. त्या शहरात वर्षाला पडून पडून ३५ ते ४० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा हिवाळ्यात. जुलैत कोरडं ठणठणीत. भिजलेला रस्ता आणि त्यात निऑनचं प्रतिबिंब हे आपण सिनेमात बघून बघून पाठ केलंय, पण तुमच्या गोष्टीला त्यापेक्षा भयंकर गोष्ट फुकट मिळते: ऊन. भर दुपारचं, डोक्यावरचं, टोपीच्या कडेखाली डोळ्यांची दोन भोकं करणारं ऊन. दिवसाढवळ्या, निळ्याशार जलतरण तलावाशेजारी लोक खोटं बोलतायत, ही हॉलिवूडची खास दहशत. शिवाय धुरकं होतं. जुलै १९४३ मध्ये ते पहिल्यांदा इतकं दाट उतरलं की लोकांना शत्रूचा विषारी वायूचा हल्ला वाटला. धुरकं म्हणजे दूरच्या गोष्टी फिकट रेषेत, म्हणजे तुमचं काम कमी.

मागचं क्षितिज सपाट काढा. त्या काळी शहरात इमारतींवर साधारण १५० फुटांची मर्यादा होती. ती ओलांडून वर जाणारा एकच मोठा मनोरा, सिटी हॉलचा, १९२८ चा. बाकी काचेचे टॉवर पुसून टाका. बंकर हिलवर जुनी लाकडी व्हिक्टोरियन घरं होती, भाड्याच्या खोल्यांची झालेली, आणि खालून वर जाणारी एंजल्स फ्लाइट नावाची छोटी रुळगाडी. तुमची नटी स्टार होण्याआधी तिथेच कुठेतरी राहिली असणार. ताडाची झाडं मोठ्या संख्येने १९३० च्या दशकात लावली गेली, म्हणजे १९४८ मध्ये ती आजच्याएवढी उंच नव्हती. आणि डोंगरावरची ती पाटी! मी स्वतः बारा वर्षांपूर्वी एका आठ पानी कथेत १९४७ च्या आभाळाखाली ऐटीत ‘हॉलिवूड’ काढलं होतं. छापून आल्यावर एका वाचकाने एका ओळीत माझी विकेट काढली. पाटी १९२३ ची, जमीन विकणाऱ्या कंपनीची जाहिरात, आणि तिच्यावर ‘हॉलिवूडलँड’ लिहिलेलं. शेवटची, ‘लँड’ची, चार इंग्रजी अक्षरं १९४९ मध्ये काढली, तेव्हाच दुरुस्तीही झाली. १९४० च्या दशकात ती मोडकळीला आली होती, पहिलं अक्षर तर कोसळलेलं होतं. तुमच्या वर्षात ती तशी, वेडीवाकडी काढा.

गाड्या आणि कपडे यांतून वर्ग दिसतो. १९४२ च्या सुरुवातीपासून युद्ध संपत येईपर्यंत अमेरिकेत सामान्य लोकांसाठी मोटारी बनतच नव्हत्या. म्हणून १९४८ मध्ये रस्त्यावर कितीतरी गाड्या युद्धाआधीच्या असणार. नवी कोरी गाडी फक्त स्टुडिओप्रमुखाच्या दारात. स्कर्टचंही तसंच. युद्धकाळात कापडावर निर्बंध होते, म्हणून आखूड, अंगाबरोबर बसणारे पोशाख. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला फॅशनकार दिओरने भरपूर घेराचा, लांब ‘न्यू लुक’ आणला. तुमच्या कथेत स्टार बाई घेरदार घालेल आणि गर्दीतल्या एक्स्ट्रा मुली अजून जुने आखूड. एक शब्द न लिहिता कोण कुठे उभं आहे ते कळेल. या सगळ्यासाठी लॉस एंजेलिस पब्लिक लायब्ररीचा छायाचित्रसंग्रह ऑनलाइन बघा, शिवाय त्या काळातली सीअर्सची कॅटलॉग. सिनेमातली दृश्यं संदर्भ म्हणून वापरू नका. ती आधीच कुणीतरी सजवलेली असतात.

स्टुडिओच्या बाबतीत तुम्ही वर्ष उत्तम निवडलंय, पण का उत्तम आहे ते पानांत दिसत नाही. १९४८ म्हणजे मालक घाबरलेले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि स्टुडिओंच्या हातातून त्यांची थिएटरं सुटू लागली. टेलिव्हिजन दाराशी आलेला. आणि आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९४७ मध्ये, वॉशिंग्टनच्या संसदीय समितीने हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधण्यासाठी सुनावण्या घेतल्या. उत्तर द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांवर अवमानाचा ठपका आला. पाठोपाठ निर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातल्या बैठकीनंतर जाहीर केलं की अशांना काम मिळणार नाही. त्यानंतर लेखक दुसऱ्यांच्या नावाने लिहू लागले. डाल्टन ट्रम्बो यांच्या कथेचं १९५३ च्या चित्रपटासाठीचं ऑस्कर त्यांचे मित्र इयान मॅकलेलन हंटर यांच्या नावावर गेलं. अकादमीने ते ट्रम्बो यांच्या नावे दिलं १९९३ मध्ये, ते वारल्यावर. म्हणजे तुमच्या गोष्टीतला जवळपास प्रत्येक जण कुणाचं तरी नाव झाकून बसलाय. तुमचा पटकथालेखक सध्या नुसता दारू पितो. त्याला एक खोटं नाव द्या, मग दारूला कारण मिळेल.

नट्यांचे करार सात वर्षांचे. काम नाकारलं तर बिनपगारी निलंबन, आणि तेवढे दिवस कराराच्या शेवटी जोडत. नटी ऑलिव्हिया डी हॅविलंडने वॉर्नर स्टुडिओविरुद्ध दावा लावला आणि १९४४ मध्ये न्यायालयाने ही दिवस जोडण्याची पद्धत मोडली. पगारी स्टुडिओ ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही, आपल्याकडे प्रभातमध्ये तेच होतं. शांता आपटे १९३९ मध्ये प्रभातच्याच फाटकासमोर उपोषणाला बसल्या होत्या. तुमच्या नटीने कधी फाटकावर ठिय्या दिला असता, तर कसा? हे माझ्या मनात आलं, कारण सध्या ती बिचारी फक्त मेली आहे. दोन पानं जिवंत, बाकी प्रेत. नोआरचा हा जुना रोग. मृत बाई म्हणजे सुंदर चादरीवरचं सुंदर कोडं. तिला काम करताना दाखवा. पहाटे पाचला मेकअपच्या खुर्चीत, चौदाव्या टेकला तोच जिना चढताना, कराराची कलमं पेन्सिलीने अधोरेखित करताना. मग तिची वही कुणाच्या खिशात गेली याला अर्थ येईल.

आणि कृपा करून ‘ब्लॅक डाहलिया’ म्हणून गाजलेल्या, लॉस एंजेलिसमधल्या तरुणीच्या खुनाला हात लावू नका. चघळून चोथा झालाय. त्यातली एकच गोष्ट उचलण्यासारखी आहे, तीही पत्रकारांची: जानेवारी १९४७ मध्ये लॉस एंजेलिस एक्झॅमिनरच्या लोकांनी मयत मुलीच्या आईला फोन करून आधी सांगितलं की तुमची मुलगी सौंदर्यस्पर्धा जिंकली. आईने कौतुकाने सगळी माहिती दिल्यावर खरं सांगितलं. तुमचा बातमीदार फार सभ्य झालाय, म्हणून आठवण केली.

आता संवाद. ते डब केल्यासारखे वाटतात, कारण तुम्ही आधी डोक्यात इंग्रजी ऐकताय. “तुला माहीत आहे, मी तुझ्यासाठी हे करू शकत नाही, मुला” असं मराठीत कुणी बोलत नाही. “नाही जमायचं रे” बोलतात. पण पार पुणेरीही करू नका. तुमचा सुरक्षाप्रमुख “आता बोला!” म्हणाला की मला थेट लक्ष्मी रोड दिसतो. मधली, कुठल्याच पेठेची नसलेली, तुटक मराठी ठेवा. आणि इंग्रजीकडे नसलेलं एक हत्यार आपल्याकडे आहे: तू आणि तुम्ही. स्टुडिओप्रमुख नायकाला पहिल्या पानापासून ‘तू’ म्हणेल. नायक त्याला ‘तुम्ही’. बंगल्यातल्या त्या रात्री, फक्त एकदा, प्रमुख त्याला ‘तुम्ही’ म्हणतो. बस. धमकी द्यायची गरजच नाही. नटी आणि नायक चारचौघांत ‘तुम्ही’, डार्करूममध्ये ‘तू’. चौकशीत नायकाच्या तोंडून नटीबद्दल ‘त्या’ऐवजी चुकून ‘ती’ निघतं, आणि पोलीस पेन थांबवतो.

निवेदनाच्या चौकोनांत चित्र सांगतं तेच परत लिहिलंय तुम्ही. “मी जिना चढलो” आणि चित्रात जिना चढतोय. निम्मे चौकोन काढा. उरलेल्यांत तो खोटं बोलू दे. वाचकाला चित्रात खरं दिसेल.

अक्षरांकरता जागा आत्ताच सोडा. देवनागरीला वर रेफ-मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं, आणि आपल्या जोडाक्षरांच्या लांब शब्दांना मध्येच तोडून खालच्या ओळीत ढकलता येत नाही. फुगा रुंद आणि बुटका ठेवा, एका फुग्यात पंधरा-सोळा शब्दांच्या वर नको. ओरडणं दाखवायला आपल्याकडे मोठी लिपी नाही, म्हणून अक्षर जाड करा किंवा शिरोरेषा तुटकी काढा, छान दिसते. आणि फॉन्ट वापरत असाल तर अडोबीमध्ये देवनागरी नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते बघा. तुमच्या चौथ्या पानावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आहे.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मसुदा वाचला म्हणून सांगतो. खुनी पकडला जातो, हे त्या काळच्या पडद्यावरचं आहे. १९३४ पासून चित्रपटधंद्याच्या स्वतःच्या सेन्सॉरचं, म्हणजे जोसेफ ब्रीनच्या कचेरीचं, प्रमाणपत्र घेतल्याशिवाय मोठ्या स्टुडिओचा चित्रपट लागत नसे, आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे हा नियम होता. त्या कचेरीच्या फायली आज अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात आहेत. तर तुमच्या कॉमिकमधल्या स्टुडिओत जो सिनेमा चाललाय, त्यातला खुनी पकडू दे. ते शेवटचं दृश्य सेटवर चित्रित होताना दाखवा, तेही सेटच्या मागून, जिथे भिंतींना लाकडी टेकू लावलेले दिसतात.

तुमच्या खऱ्या गोष्टीसाठी पान सातवर परत या. त्या काळातला फ्लॅशबल्ब एकदाच पेटायचा. फोटो काढला की जळका, गरम बल्ब काढून टाकायचा, नवा बसवायचा. नायकाने त्या पहाटे बंगल्यात फोटो काढले, म्हणजे तिथे जळके बल्ब पडले. त्याने ते उचलून खिशात टाकले. पान सातवर, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, पलंगाखालच्या काळ्यात एक राहिलेला बल्ब काढा, नुसती पांढरी कड. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. पान चव्वेचाळीसवर नायक खिशातले बल्ब टेबलावर मांडून मोजतो, आणि पुन्हा मोजतो.

आधी हे सातवं पान परत काढून पाठवा. बाकीच्यांचं त्यानंतर बघू.